नाइट स्कीइंग

नाइट स्कीइंग म्हणजे अंधार पडल्यावर मोठ्या फ्लडलाइटच्या उजेडात बर्फाच्या उतारावरून स्की किंवा स्नोबोर्ड (दोन्ही पायांखाली एकच रुंद फळी) करत खाली येणं. नाव ऐकून बऱ्याच जणांना वाटतं की डोक्याला टॉर्च लावून काळोखात डोंगरावरून सुटायचं, तर तसं नाही, तो प्रकार वेगळा आहे आणि त्यात लिफ्टही नसते, वर चढायचं ते स्वतःच्या पायांनी. इथे ठरलेल्या वाटांवर खांब असतात, लिफ्ट चालू असते, स्की पेट्रोलवाले, म्हणजे गस्त घालणारे सुरक्षारक्षक, फिरत असतात. 'रात्र' हा शब्दही जरा सैलच म्हणायचा, कारण थंडीत उत्तरेकडे साडेचार-पाचलाच अंधारतं आणि बहुतेक ठिकाणी नऊ-दहाला गाशा गुंडाळतात. दक्षिण कोरियात मात्र काही रिसॉर्टवर मध्यरात्र उलटली तरी लोक उतरत असतात.

सुरुवातीची गोष्ट अमेरिकेतली. मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्डजवळच्या बूस्के या छोट्या स्की एरियात १९३६ साली जनरल इलेक्ट्रिकच्या मदतीने उतारावर दिवे लागले. गंमत म्हणजे त्याच वर्षी आयडाहोतल्या सन व्हॅलीत पहिली चेअरलिफ्ट (तारेला टांगलेल्या खुर्च्यांची लिफ्ट) सुरू झाली, आणि तिची कल्पना जहाजात केळ्यांचे घड चढवायच्या यंत्रावरून सुचली होती. दिव्यांमागचं कारण मात्र अगदी व्यवहारी, दिवसभर काम करणाऱ्या माणसाला बर्फ गाठायला संध्याकाळच मिळते. म्हणून हा प्रकार खरा फोफावला तो शहरालगतच्या डोंगरांवर. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या डोक्यावरचे ग्राउस, सायप्रेस आणि सीमोर हे तिन्ही डोंगर रात्री चालतात, आणि ग्राउसवरून उतरताना समोर अख्खं शहर दिव्यांनी पेटलेलं दिसतं, तेव्हा नजर उतारावर ठेवणं हेच अर्धं कसब. फिनलंडच्या लेव्हीत गोष्टच उलटी, डिसेंबरात काही आठवडे सूर्य उगवतच नाही, त्यामुळे तिथे दिवे म्हणजे चैन नाही, गरज आहे.

आता मुख्य मुद्दा. नवखा माणूस उजेडाची काळजी करतो, पण रात्री खरा बदलतो तो बर्फ. दिवसा उन्हाने वरचा थर मऊ पडतो, शेकडो लोक त्यावरून जाऊन चर पाडतात, ढिगारे करतात, आणि ऊन गेलं की हे सगळं जसंच्या तसं गोठतं. दुपारी लोण्यासारखा वाटलेला उतार सहा वाजता सिमेंटसारखा कडक लागतो, आणि स्कीच्या धातूच्या कडा बोथट असतील तर स्की नुसती सरकत जाते. म्हणून काही ठिकाणी संध्याकाळी तासभर उतार बंद ठेवून बर्फ सपाट करणारं ग्रूमिंग मशीन फिरवतात, त्याने कॉर्डरॉय कापडासारख्या बारीक रेघा उठतात, आणि त्यावरची पहिली फेरी ज्याला मिळाली तो नशीबवान. जपानमधल्या निसेकोचं गणित वेगळं, सायबेरियाकडून येणारं थंड वारं जपानच्या समुद्रावरून ओलावा उचलतं आणि होक्काइदोवर कोरडा भुसभुशीत बर्फ ओततं, त्यामुळे तिथे रात्रीही ताजी पावडर मिळते.

उजेडाबद्दल एक गोष्ट उलटी वाटेल. ढगाळ दिवशी सगळा उतार एकसारखा पांढरा दिसतो, खड्डा कुठे नि उंचवटा कुठे काही कळत नाही, याला फ्लॅट लाइट म्हणतात. रात्री दिवे बाजूने पडतात, प्रत्येक गाठीची सावली पडते, म्हणून कधीकधी रात्रीच जास्त स्पष्ट दिसतं. त्रास होतो तो दोन खांबांमधल्या अंधाऱ्या पट्ट्यात, आणि दिवा मागे असला की आपलीच सावली पुढे धावते तेव्हा. दिवसाचा काळा गॉगल इथे काही कामाचा नाही. लेन्सचे एस-० ते एस-४ असे प्रकार असतात, त्यातली एस-० लेन्स ८० टक्क्यांहून जास्त उजेड आत सोडते, रात्रीसाठी ती किंवा एस-१ चालते, पारदर्शक नाहीतर पिवळसर-गुलाबी.

स्नोबोर्डवाल्यांना रात्र जरा जास्तच तपासते. बोर्डवर माणूस आडवा उभा असतो, म्हणजे पाठीकडची बाजू मुळात दिसतच नाही, त्यात अंधार. पाय बोर्डला जखडणारे पट्टे बांधायला ते उतारावर बसतात, ते कडेला आणि उजेडात बसावं, वळणाच्या किंवा उंचवट्याच्या खाली तर अजिबात नाही, कारण वरून येणाऱ्याला ते दिसत नाहीत. पडताना हात आपोआप पुढे जातो आणि कडक बर्फावर मनगट मोडतं, म्हणून रिस्टगार्ड घालावेत, दिसायला कसेही दिसोत.

खाली उतरताना थंडी वाजत नाही, ती चेअरलिफ्टवर बसल्या बसल्या लागते. घाम आलेला असतो, वारं अंगावर येतं, बोटं आखडतात. त्यात बर्फ पाडणाऱ्या तोफा बऱ्याचदा रात्रीच सुरू करतात, कारण हवा पुरेशी थंड (वेट-बल्ब तापमान, म्हणजे हवेतला ओलावाही धरून मोजलेलं तापमान, साधारण उणे दोन अंश सेल्सिअस किंवा खाली) लागते, आणि त्यांच्या फवाऱ्यातून गेलं की गॉगलवर क्षणात बर्फाचा पापुद्रा चढतो.

बघायलाही रात्र भारी असते. ऑस्ट्रियातल्या श्लाडमिंगला प्लानाई डोंगरावर १९९७पासून स्कीइंग वर्ल्ड कपची रात्रीची स्लॅलम (रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी उतरायची) शर्यत होते, हजारोंनी लोक उताराच्या कडेला गर्दी करतात.

दिवे मालवायच्या आधी पेट्रोलवाले वरून खाली शेवटची फेरी मारून कोणी मागे राहिलं नाही ना बघतात. त्यानंतर उतारावर थांबणं किंवा परत वर जाणं हा निव्वळ वेडेपणा. कारण तेव्हा उभ्या चढावर ग्रूमिंग मशीन वर बांधलेल्या पोलादी दोराच्या आधाराने काम करतं, तो दोर शेकडो मीटर लांब ताणलेला असतो, मशीन हललं की झटक्यात बाजूला सरकतो आणि अंधारात तो दिसतच नाही.