'गॅस' म्हणजे नेमका कोणता? वायुवाहिन्यांच्या देशव्यापी जाळ्याची पार्श्वभूमी

मध्य प्रदेशातल्या गुना जिल्ह्यात विजयपूर आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथे पाइपलाइनने गॅस पोचला तो खत कारखान्यासाठी. त्याच विजयपूरला २०२४ मध्ये पाण्यातून हायड्रोजन वेगळा काढणारा १० मेगावॉटचा प्रकल्प सुरू झाला, दिवसाला ४.३ टन ही त्याची क्षमता. गॅस वाहून नेणाऱ्या 'गेल' (GAIL) या सरकारी कंपनीच्या 'ऊर्जा आणि पर्यावरण' प्रकल्पांची आजची यादी वाचली, म्हणजे बायोगॅस, सौर, पवन, हायड्रोजन, शहरांतला सीएनजी, की वाटतं हे सगळं कुणीतरी एका बैठकीत आखलं असावं. प्रत्यक्षात या जाळ्यावर पहिला हात फिरला तो खत खात्याचा आणि दुसरा न्यायालयांचा. पर्यावरण हा शब्द यादीत बराच उशिरा आला.

मुंबई हाय १९७४ मध्ये सापडलं, हे शाळेत शिकलेलं असतं. वसईसमोरच्या समुद्रातलं गॅसक्षेत्र त्यानंतर दोन-तीन वर्षांनी सापडलं, आणि खरा पेच तिथून सुरू झाला. तेल जहाजात भरून नेता येतं. गॅसला नळी लागते आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला गिऱ्हाईक. तेलाबरोबर वर येणारा बराचसा गॅस कित्येक वर्षं समुद्रातच पेटवून दिला जात होता. उरणला तो किनाऱ्यावर आला, तिथल्या वीजकेंद्राने आणि ट्रॉम्बे-थळच्या खत कारखान्यांनी घेतला. पण वसईच्या क्षेत्रात होता तो या सगळ्यांच्या भुकेपेक्षा कितीतरी जास्त.

१९८४च्या ऑगस्टमध्ये गॅसवाहतुकीसाठी वेगळी सरकारी कंपनी, म्हणजे 'गेल', निघाली. तिचं पहिलं काम हजिरा-विजयपूर-जगदीशपूर पाइपलाइन: सुमारे १,७५० किलोमीटर, खर्च सुमारे १,७०० कोटी रुपये. वाटेवर विजयपूर, कोट्याजवळचं गडेपान, आंवला, बबराला, शाहजहानपूर, जगदीशपूर असे सहा खत कारखाने, आणि अंता, औरैया, दादरी ही तीन वीजकेंद्रं. गव्हा-उसाच्या पट्ट्याला युरिया जवळ मिळावा, हा हिशोब. जगदीशपूर अमेठी मतदारसंघात येतं, एवढं सांगून पुढे जाऊ. महाराष्ट्राच्या समुद्रातून निघालेला गॅस गुजरातच्या किनाऱ्याला लागून थेट उत्तरेत गेला. नागपूरकडे जाणारी पाइपलाइन समृद्धी महामार्गाच्या कडेने टाकायला सुरुवात झाली ती तीन दशकांहून जास्त काळाने. विदर्भ-मराठवाड्याच्या उद्योगांबद्दल बोलताना हे अंतर लक्षात ठेवलेलं बरं.

यात हवेच्या शुद्धतेचा विचार कुठेच नव्हता. तो आला आग्र्याहून. ताजमहाल काळवंडतो आहे म्हणून १९८४ मध्ये दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी निकाल दिला. ताजभोवतीच्या सुमारे १०,४०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यातल्या २९२ उद्योगांनी कोळसा आणि कोक सोडायचा. गॅस घ्यायचा, नाहीतर पट्ट्याबाहेर जायचं. आग्र्याच्या ओतशाळा आणि फिरोजाबादच्या काचभट्ट्या यांच्यासाठी सरकारी कंपनीला नळ्या टाकाव्या लागल्या. म्हणजे गॅस हे 'पर्यावरणाचं इंधन' ठरलं ते कंपनीच्या धोरणातून नव्हे, न्यायालयाच्या आदेशातून.

दीड वर्षाने दिल्लीची पाळी आली. २८ जुलै १९९८च्या आदेशाने राजधानीतल्या सगळ्या बसगाड्या ३१ मार्च २००१ पर्यंत सीएनजीवर न्यायच्या ठरल्या. पंप कमी, गाड्या कमी, आणि गॅस भरायला रात्र रात्र रांगा. मुदत हुकली. मधल्या काळात केंद्राने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने म्हटलं की इंधन कोणतं ते ठरवू नका, धुराची मर्यादा ठरवा. न्यायालयाने ते मानलं नाही आणि एप्रिल २००२ मध्ये डिझेल बसगाड्यांना दिवसाला ५०० रुपये दंड लावला. समितीचा मुद्दा तत्त्वाने बरोबर होता असं मला अजूनही वाटतं. पण मर्यादा घालून देणं आणि ती पाळली जाणं यांत आपल्याकडे किती अंतर असतं, ते न्यायालयाला जास्त ठाऊक असावं. मुंबईत टॅक्सी-रिक्षा सीएनजीवर गेल्या तेव्हा एवढा गाजावाजा झाला नाही. गॅस उरणपर्यंत आधीच आलेला होता आणि वितरण कंपनी १९९५ मध्येच निघाली होती.

याच सुमारास एक वेगळाच वाद पेटला, आणि पुढची वीस वर्षं त्यावर ठरली. प्रश्न साधा वाटतो: गॅस कोणाचा, राज्याचा की केंद्राचा? राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतली २५वी नोंद आहे, 'गॅस आणि गॅस-कारखाने'. संघसूचीतली ५३वी नोंद तेलक्षेत्रं, खनिज तेल आणि पेट्रोलियम उत्पादनांबद्दल आहे. नैसर्गिक वायू यांतल्या कोणत्या खणात टाकायचा?

नोंद लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोणता गॅस होता, ते लालबागला गेलं की कळतं. तिथे आजही 'गॅस कंपनी लेन' आहे. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ मध्ये गॅसचे दिवे लागले. तो गॅस जमिनीतून आलेला नव्हता. बंद भट्टीत कोळसा हवेशिवाय तापवायचा, निघणारा वायू धुवायचा, टाकीत साठवायचा आणि नळ्यांनी गल्लोगल्ली पोचवायचा. कोलकात्यातही तेच. गॅस म्हणजे कारखान्यात बनणारी, शहरापुरती वस्तू. ती प्रांतांकडे असणं स्वाभाविक होतं, आणि घटनेने तीच वाटणी पुढे चालवली. १९६० मध्ये पश्चिम बंगालने कोलकात्याची गॅस कंपनी ताब्यात घेण्याचा कायदा केला तेव्हाही वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६२ मध्ये न्यायालयाने सांगितलं की गॅस उद्योग राज्याच्या अखत्यारीत येतो. त्या निकालातही गॅस म्हणजे कोळशाचाच.

मग २००१ मध्ये गुजरातने गॅसच्या वहन, पुरवठा आणि वितरणाचं नियमन करणारा कायदा केला. युक्तिवाद उघड होता: नोंद २५ मध्ये 'गॅस' लिहिलं आहे, 'कोळशाचा गॅस' नाही, नैसर्गिक वायूही गॅसच. केंद्राचं म्हणणं, हा पेट्रोलियमचा भाऊबंद आहे, राज्याराज्यांतून जातो, त्याचा ताबा तुकड्यांत देता येणार नाही. राष्ट्रपतींमार्फत प्रश्न न्यायालयाकडे पाठवला गेला, आणि २५ मार्च २००४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने केंद्राच्या बाजूने मत दिलं. नैसर्गिक वायू, द्रवरूप असला तरी, संघसूचीत. राज्याच्या नोंदीत उरला तो कारखान्यात बनवलेला गॅस. गुजरातचा कायदा तेवढ्या भागापुरता घटनाबाह्य ठरला.

केंद्राला मोकळा रस्ता मिळाला. एलएनजी (थंड करून द्रवरूप केलेला नैसर्गिक वायू) आयात करून देशभर फिरवायचा तर नियम एका जागी हवेत, हे मलाही पटतं. तरी एक गोष्ट खटकते. शहरातला गॅस हा रस्ते खोदण्याचा, घरात नळी आणण्याचा, पालिकेच्या परवान्यांचा विषय आहे. ब्रिटिशांच्या १९३५च्या भारत सरकार कायद्याने तो प्रांतांकडे ठेवला होता तो याच व्यवहारी कारणाने. २००४च्या मताने वस्तू कशी जन्मते ते पाहिलं, ती घरापर्यंत कशी येते ते नाही. आज पुण्यात किंवा नाशकात कोणती कंपनी नळी टाकणार, हे दिल्लीतल्या पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाच्या बोलीवर ठरतं.

त्या मंडळाची सुरुवातही अडखळतच झाली. २००६ मध्ये कायदा झाला, २००७ मध्ये मंडळ आलं, पण कंपन्यांना परवानगी देण्याचा अधिकार ज्या कलम १६ मध्ये होता तेच कलम सरकारने लागू केलं नव्हतं. जानेवारी २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नेमकं त्यावर बोट ठेवलं. जुलै २०१० मध्ये कलम लागू झालं. पुढे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शहरी वितरणाचं जाळेशुल्क (नळ्यांच्या वापराचा दर) ठरवणं या मंडळाच्या अधिकारात नाही. म्हणजे केंद्राने राज्यांकडून जे काढून घेतलं, ते त्याच्या मंडळालाही पुरतं मिळालं नाही. शहरांच्या बोली मात्र सुरू राहिल्या: २०१८च्या नवव्या फेरीत ८६ क्षेत्रं, पाठोपाठ दहाव्या फेरीत ५०.

नळ्या ज्यांच्या शेतातून जातात त्यांचा कायदा याहून जुना, १९६२चा. जमीन शेतकऱ्याचीच राहते, कंपनीला फक्त 'वापरहक्क' मिळतो. पण त्या पट्ट्यात घर बांधायचं नाही, विहीर खणायची नाही, झाड लावायचं नाही. आणि या हक्काची किंमत बाजारभावाच्या १० टक्के. पिकाची नुकसानभरपाई वेगळी. आंबा-नारळ लावणाऱ्याला 'जमीन तुमचीच' हे वाक्य कसं लागत असेल याची कल्पना करावी. तमिळनाडूत सात जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी पाइपलाइन अडवली, राज्य सरकार त्यांच्या बाजूने उभं राहिलं, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाल कंपनीच्या बाजूने लागला. त्याआधी २७ जून २०१४ रोजी आंध्र प्रदेशात नगरम गावाजवळ पाइपलाइन फुटून आग लागली होती आणि वीसहून अधिक माणसं गेली होती. भीती हवेतून आलेली नव्हती.

जाळं पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे वाढलं ते टप्प्याटप्प्याने. दहेजला २००४ मध्ये कतारहून एलएनजी येऊ लागला. दाभोळचं टर्मिनल २०१३ मध्ये सुरू झालं, पण लाटा अडवणारा बांध अपुरा असल्यामुळे पुढे कित्येक पावसाळे ते बंद ठेवावं लागलं. कोकणातला माणूस हे ऐकून फक्त मान हलवतो. कृष्णा-गोदावरीच्या खोल पाण्यातला गॅस २००९ मध्ये आला, सगळ्यांनी त्यावर वीजकेंद्रं उभारली, आणि दोन-तीन वर्षांत तो ओसरला. जगदीशपूरहून हल्दिया, बोकारो, धामरापर्यंत जाणाऱ्या पाइपलाइनसाठी केंद्राने ४० टक्के अनुदान दिलं, कारण तिकडे गिऱ्हाईक आधी नव्हतं. कोची-मंगळुरू जानेवारी २०२१ मध्ये जोडलं गेलं. देशाच्या ऊर्जेत गॅसचा वाटा २०३० पर्यंत १५ टक्क्यांवर न्यायचं उद्दिष्ट आहे. तो ६ टक्क्यांच्या आसपास घुटमळतो आहे.

'हरित' हा शब्द या टप्प्यावर येतो. कोळशाच्या मानाने गॅसचा धूर कमी, हे खरं. पण गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि तो न जळता गळला तर शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट, वीस वर्षांच्या हिशोबात ८० पटींहून जास्त उष्णता धरतो. कंपनीने निव्वळ शून्य उत्सर्जनाची मुदत २०४० वरून २०३५ वर आणली, त्याची बातमी झाली. हे शून्य कंपनीच्या स्वतःच्या इंधनाचं आणि विकत घेतलेल्या विजेचं आहे. तिच्या नळीतून गेलेला गॅस गिऱ्हाईक जाळतं, तो धूर त्यात धरलेला नाही.

२०२२च्या जानेवारीत इंदूरच्या शहरी जाळ्यात हायड्रोजन मिसळण्याचा प्रयोग सुरू झाला तेव्हा तो देशात पहिलाच म्हणून गाजला. नैसर्गिक वायूत मिसळण्यापुरतं ते बरोबर. लालबागच्या भट्टीतून निघे त्या जातीच्या गॅसमध्ये मात्र जवळजवळ निम्मा हायड्रोजनच असायचा, आणि सोबत विषारी कार्बन मोनॉक्साइडही.

बायोगॅसची कथाही अशीच मागे जाते. माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ मध्ये मैल्याच्या टाकीतून गॅस गोळा केला जात होता. अनेक ठिकाणी यासाठी १८५९ हे साल छापलेलं असतं. कुष्ठधामच १८९० चं, तेव्हा ते साल कुणीतरी एकदा चुकलं आणि बाकीच्यांनी उतरवलं. गावोगावच्या गोबरगॅसबद्दल वेगळं सांगायला नको. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राने ५,००० सीबीजी (शुद्ध करून दाबाखाली भरलेला बायोगॅस) प्रकल्पांची घोषणा केली, मुदत २०२३-२४. मुदत संपली तेव्हा सुरू झालेल्या प्रकल्पांनी शंभरीही गाठली नव्हती. मग सक्ती आली: शहरी गॅस कंपन्यांनी २०२५-२६ मध्ये १ टक्का, पुढे ३, ४ आणि २०२८-२९ पासून ५ टक्के सीबीजी घ्यायचा.

आणि इथे तो जुना शब्द पुन्हा आडवा येतो. २००६च्या कायद्यातली नैसर्गिक वायूची मूळ व्याख्या 'विंधणीतून मिळालेला वायू' अशी आहे. त्यात एलएनजी येतो, सीएनजी येतो, कोळशाच्या थरांतला मिथेनही येतो. शेण, प्रेसमड (साखर कारखान्यातला गाळ) आणि ओला कचरा यांपासूनचा वायू येत नाही. सीबीजी टाकीत बनतो. २००४च्या तर्काने पाहिलं तर तो 'बनवलेला' गॅस आहे, म्हणजे राज्यसूचीच्या २५व्या नोंदीतला. रेणू तोच, नळी तीच, मीटर तोच, पण घटनेतला पत्ता वेगळा. साखर कारखाने ज्या राज्यांत आहेत त्यांनी हा मुद्दा अजून जोरात मांडलेला नाही. बहुतेक प्रकल्प नळीपासून लांब आहेत, हेही त्याचं कारण असेल. त्यांना जोडणाऱ्या नळ्यांसाठी केंद्राने ९९४.५० कोटींची योजना काढली आहे. तोवर बराचसा सीबीजी सिलिंडरांच्या चळतीत भरून ट्रकने पंपावर जातो.