ओरेगॉनची वाळू कोणाची?

मराठी वाचकाला अमेरिकेतलं ओरेगॉन राज्य आठवतं ते बहुधा पुण्याच्या कोरेगाव पार्कातून उठून तिकडे गेलेल्या रजनीशांच्या आश्रमामुळे. १९८१ ते १९८५ चं ते प्रकरण इतकं चघळून झालं आहे की इथे त्यात शिरत नाही. ती जागाही राज्याच्या कोरड्या पूर्व भागातली, समुद्रापासून लांब. इथे प्रश्न किनाऱ्याचा आहे. ओरेगॉनचा सुमारे ५८० किलोमीटरचा पॅसिफिक किनारा सगळ्यांना खुला आहे. समोर हॉटेल असो की बंगला, वाळूवर दोरी बांधून ‘इथे येऊ नका’ म्हणायची सोय नाही. शेजारच्या वॉशिंग्टन राज्याने भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली जमीन मोठ्या प्रमाणावर विकून टाकली. ओरेगॉनमध्ये तसं का झालं नाही, याचं नेहमीचं उत्तर दोन गव्हर्नरांच्या दूरदृष्टीपाशी येऊन थांबतं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे.

सुरुवातीचा काळ भराभर उरकतो. १७७८ मध्ये एका ब्रिटिश मोहिमेने हा किनारा पाहिला. १७९२ मध्ये एक अमेरिकन व्यापारी जहाज कोलंबिया नदीच्या मुखात शिरलं. १८०५-०६ चा हिवाळा अमेरिकन सरकारने धाडलेल्या शोधतुकडीने त्या मुखाजवळ लाकडी गढी बांधून काढला. जानेवारी १८०६ मध्ये दक्षिणेला देवमासा वाहून आल्याची खबर लागली. तुकडीतले काही जण डोंगर ओलांडून पोचले तोवर नुसता सांगाडा उरला होता. तिथले मूलनिवासी टिलामूक लोक कामाला लागले होते: चौकोनी लाकडी कुंडात चरबी घालायची, तापवलेले दगड आत सोडायचे आणि सुटलेलं तेल काढून ठेवायचं. पाहुण्यांना सुमारे ३०० पौंड चरबी आणि थोडं तेल विकत मिळालं, तेही घासाघीस करून. हे घडलं आजच्या कॅनन बीच गावाच्या परिसरात. हे गाव पुढे पुन्हा येईल.

१८४६ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने ४९ व्या अक्षांशावर वाटणी केली. १८५० च्या कायद्याने आधीच येऊन राहिलेल्या गोऱ्या पुरुषाला ३२० एकर, जोडप्याला ६४० एकर जमीन फुकट मिळू लागली. जमीन ज्यांची होती त्यांच्याशी तोवर व्यवहारच झालेला नव्हता. १८५१ मध्ये उत्तर किनाऱ्यावरच्या क्लॅटसप, टिलामूक आदी लोकांशी तह झाले, पण सिनेटने ते कधी मंजूर केले नाहीत. १८५५ मध्ये मधल्या किनाऱ्याचा लांबच लांब पट्टा मूलनिवासींसाठी राखीव ठेवला गेला आणि ठिकठिकाणच्या टोळ्या तिथे हाकलत आणल्या गेल्या. याक्विना खाडीत कालवं सापडली, गोऱ्या व्यापाऱ्यांचा डोळा तिकडे गेला आणि १८६५ मध्ये तो तुकडा राखीव क्षेत्रातून काढला गेला. १८७५ मध्ये आणखी मोठा भाग गेला.

१८५७ चं मतदान सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. राज्यघटनेसोबत लोकांना दोन प्रश्न विचारले होते. गुलामगिरी नको, असं ७,७२७ जणांनी सांगितलं. हवी म्हणणारे २,६४५ होते. मुक्त कृष्णवर्णीयांनाही राज्यात येऊ देऊ नये, याच्या बाजूने ८,६४० मतं पडली, विरोधात १,०८१. म्हणजे गुलामही नको आणि शेजारीही नको. १८५९ मध्ये राज्य झालं ते हे कलम पोटात घेऊन. यादवी युद्धानंतरच्या घटनादुरुस्तीमुळे त्यातला दम गेला, पण कागदावरून ते १९२६ मध्येच हटलं.

किनाऱ्याचा पहिला मोठा कायदा त्याआधीचा, १९१३ चा. भरतीच्या रेषेपासून ओहोटीच्या तळापर्यंतचा सगळा ओला पट्टा सार्वजनिक महामार्ग म्हणून जाहीर झाला. ही कल्पना आज ऐकायला गमतीची वाटते, पण तेव्हा ओहोटीच्या वेळी घट्ट वाळूवरून टपालाच्या गाड्या खरोखर धावत होत्या. त्या वेळच्या गव्हर्नरांनी पुढे स्वतःच सांगितलं, की करदात्याला दमडीची तोशीस न लागता मैलोगणती रस्ता मिळेल असं गाजर दाखवलं आणि विधिमंडळाने ते खाल्लं. (त्याच वर्षी कोलंबियाच्या मुखावरच्या अॅस्टोरियात लाकूड गिरण्यांतल्या पंजाबी मजुरांनी सभा घेऊन गदर चळवळीची पायाभरणी केली. वर्ध्याकडचा एक क्रांतिकारकही त्या सुमारास या राज्याच्या शेतकी कॉलेजात शिकून गेला. तो स्वतंत्र विषय आहे.)

या कायद्यात एक फट होती. महामार्ग झाला तो ओल्या वाळूचा. वरची कोरडी वाळू, जिथे माणसं सतरंजी पसरतात, शेकोटी पेटवतात, ती सातबाऱ्यावर म्हणावी तशी मागच्या जमीनमालकाच्याच नावावर राहिली. पन्नास वर्षं कोणाला हे जाणवलं नाही. १९६६ च्या उन्हाळ्यात कॅनन बीचच्या एका मोटेलवाल्याने समोरच्या वाळूवर ओंडके टाकून ती आपल्या गिऱ्हाइकांपुरती राखली. १९६७ मध्ये विधेयक आलं, समितीत अडकलं, वर्तमानपत्रांनी आणि टीव्हीने ओरड केली. मग गव्हर्नर हेलिकॉप्टर घेऊन थेट वाळूवर उतरले आणि सोबतच्या सर्वेक्षकांकडून त्यांनी लोकांच्या वापराची हद्द म्हणून समुद्रसपाटीपासून सोळा फुटांची रेषा खुंट्या मारून दाखवली. फोटो चांगले आले आणि कायदा झाला. कोरड्या वाळूवर मालकी ज्याची त्याची, वापर सगळ्यांचा.

मोटेलवाल्याचा खटला १९६९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. खालच्या न्यायालयाने लोकांचा हक्क वहिवाटीवर मान्य केला होता. पण वहिवाट त्या त्या तुकड्यापुरतीच सिद्ध होते. उद्या शेजारच्या प्लॉटवर नवा दावा, परवा पुढच्या. म्हणून वरच्या न्यायालयाने इंग्रजी कायद्यातली रूढी उचलली, जी एकदम सबंध किनाऱ्याला लावता येते. रूढी मात्र पुरातन, अखंड आणि बिनतक्रार चालत आलेली असावी लागते. जेमतेम ११० वर्षांच्या राज्यात पुरातन काही आणायचं कुठून? न्यायालयाने लिहिलं, की पहिले युरोपीय वसाहतकरी आले तेव्हा मूळ रहिवासी ओल्या वाळूत शिंपले खणत होते आणि कोरड्या वाळूवर चुली मांडत होते. नव्यांनी तीच चाल पुढे नेली.

मला हा निकाल परिणामाच्या दृष्टीने योग्यच वाटतो, पण हे वाक्य खटकतं. ज्यांच्याशी झालेला तह मंजूर करायचीही तसदी घेतली नाही, ज्यांना एका किनाऱ्यावरून दुसऱ्यावर हाकललं, त्यांच्या चुली पुराव्याला चालल्या. १९५४ मध्ये तर अमेरिकन काँग्रेसने पश्चिम ओरेगॉनच्या टोळ्यांची मान्यताच काढून घेतली होती, म्हणजे निकाल लागला तेव्हा सरकारी दफ्तरात ही माणसं टोळी म्हणून उरलीच नव्हती. सिलेट्झ टोळीला मान्यता परत मिळाली ती १९७७ मध्ये. क्लॅटसप आणि नेहालेम लोकांची केंद्राकडची मागणी अजून पडून आहे.

निकालावर कायदेपंडितांनी टीका केली ती वेगळ्या अंगाने. त्याच पीठातल्या एका न्यायमूर्तींना निष्कर्ष मान्य होता, रूढीचा आधार नव्हता. १९८९ मध्ये याच न्यायालयाने स्वतःला थोडा आवर घातला: रूढी सिद्ध होईल तिथेच, सरसकट नाही. पुन्हा कॅनन बीचमध्येच एका जमीनमालकाला कोरड्या वाळूवर समुद्रभिंत बांधायची परवानगी नाकारली गेली. १९९४ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचं अपील ऐकायला नकार दिला, तेव्हा दोन न्यायमूर्तींनी असहमती नोंदवली. राज्याला मालमत्ता घ्यायची असेल तर भरपाई द्यावी, नसलेली रूढी पुढे करून ती पळवता येणार नाही, असा त्यांचा रोख होता.

आताचा तंटा या भिंतींचाच आहे. १९७३ च्या जमीनवापर कायद्याखाली (याच कायद्याने पुढे आश्रमाच्या नगरीलाही जेरीस आणलं) किनाऱ्यासाठी नियम ठरला: १ जानेवारी १९७७ रोजी जी जागा विकसित झालेली होती, तिथेच धूपप्रतिबंधक बंधारा. नंतर विकसित झालेल्या जागांना नाही. समुद्र जमीन कापत आत येतो आहे, घरमालक सवलतीचे अर्ज घेऊन उभे आहेत. बंधारा घातला की मागची जमीन वाचते आणि पुढची वाळू लाटा ओढून नेतात. सोळा फुटांची रेषा नंतर कायद्यात नकाशावरच्या ठरावीक बिंदूंनी पक्की करण्यात आली. ते बिंदू हलत नाहीत, वाळू हलते. काही ठिकाणी ज्या कोरड्या वाळूवर लोकांचा हक्क लिहिलेला आहे, तिथे हिवाळ्यात भरतीचं पाणीच असतं.