स्पोर्ट्‌स गाडीचा सायलेन्सर बदलण्याआधी

फोंड्यातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये एक्झॉस्टच्या कामासाठी येणारे गाडीमालक बहुतेक वेळा दोनच शब्द बोलतात: “आवाज पाहिजे.” गाडी मस्टँग असो, पोर्शे ७१८ असो की हौसेनं जपलेली पोलो जीटीआय, मागणी हीच. मग आम्ही विचारतो, आवाज वाढवून पाहिजे की बदलून पाहिजे? बरेचजण इथे थबकतात, कारण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत असं त्यांना आधी कुणी सांगितलेलं नसतं. हे पत्रक त्यासाठी छापलं आहे. घरी निवांत वाचा आणि मग काम द्या. वाचून काम द्यायचं नाही असं ठरलं, तरी आमची तक्रार नाही.

चवथीच्या आरतीला ज्यानं घुमट वाजवलं आहे त्याला हा फरक चटकन कळतो. घुमटावर जोरात थाप मारली म्हणून त्याचा नाद सुधारत नाही. मडक्याचं पोट केवढं, तोंड केवढं, कातडं किती ताणलेलं, यावर तो ठरतो. सायलेन्सरचंही तसंच आहे. पत्र्याच्या डब्याचं पोट, आतल्या नळीची भोकं आणि पाइपची लांबी यांतून नाद घडतो. हे काहीच न करता डबा कापून सरळ पाइप जोडला की फक्त थाप मोठी होते. त्याला आम्ही काम म्हणत नाही.

आवाज येतो कुठून

चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेट घेतो. म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात चार धक्के बाहेर टाकतं. मिनिटाला २,००० फेरे असतील तर सेकंदाला साधारण १३३ धक्के झाले. त्याच वेगात चार सिलिंडरच्या इंजिनाचे ६७ होतात. हा त्या गाडीचा मूळ स्वर. कुठलाही सायलेन्सर तो बदलू शकत नाही. त्यामुळे चार सिलिंडरची टर्बो गाडी आणून “मस्टँगसारखा आवाज करून द्या” असं कुणी म्हणालं, तर आम्ही नम्रपणे नाही म्हणतो.

मस्टँगची गुरगुर वेगळी का, हेही सांगण्यासारखं आहे. तिच्या व्ही-आठ इंजिनात (चार-चार सिलिंडर दोन बाजूंना) क्रँकची, म्हणजे पिस्टन ज्याला जोडलेले असतात त्या फिरत्या दांड्याची, रचना अशी आहे की एका बाजूचे चार सिलिंडर समान अंतरानं पेटत नाहीत. दोन धक्के लागोपाठ येतात, मग मध्ये मोकळी जागा पडते. ही अडखळती लय म्हणजेच ती गुरगुर. दोन्ही बाजूंचे पाइप मध्ये एका आडव्या नळीनं, इंग्रजी एच अक्षरासारखे जोडले, तर ती लय बरीचशी टिकते आणि आवाज खाली, भरदार राहतो. तेच पाइप एक्स अक्षरासारखे एकमेकांत मिसळले, तर दोन्ही बाजूंचे धक्के एकमेकांच्या मोकळ्या जागा भरतात आणि आवाज सलग, थोडा वरच्या पट्टीतला होतो. दोन्ही बरोबर आहेत. आमची आवड विचाराल तर रोज वापरायच्या गाडीला एच, कारण कमी फेऱ्यांत तिचा आवाज कानाला सुखावतो आणि तो ऐकायला गाडी पळवावी लागत नाही.

टर्बोच्या गाड्यांबद्दल थोडक्यात. बाहेर पडणारा वायू टर्बोची चक्री फिरवून येतो, त्यातच त्याचे धक्के निम्मेअधिक शमतात. म्हणून टर्बो गाडीतून मिळणारा नाद मर्यादित असतो, आणि तो ओढूनताणून वाढवायला गेलं की नुसती भसभस हाती येते.

आत घुमतं ते

आमच्याकडे दुसरीकडून काम करून आलेल्या गाड्यांची सगळ्यात मोठी तक्रार हीच असते. बाहेर उभं राहून ऐकताना छान वाटतं. मालक गाडी घेऊन महामार्गावर जातो, ८० च्या आसपास वेग स्थिर ठेवतो आणि पाचव्या मिनिटाला डोकं भणभणायला लागतं. मागच्या सीटवरची आई म्हणते, काच उघड रे. इंजिनाचे धक्के आणि गाडीच्या आतली हवा एकाच कंपनात सापडली की असं होतं. काचा, छत, सीटची पाठ, सगळंच घुमू लागतं.

यावर जाड मफलर, म्हणजे सायलेन्सरचा डबा, घालणं हा उपाय बहुधा पुरत नाही. भोकाच्या नळीभोवती काचतंतू भरलेला मफलर वरच्या पट्टीतला कर्कशपणा चांगला शोषतो, पण खर्ज त्यातून सुटून जातो. खर्जासाठी मुख्य पाइपला एक आंधळी नळी जोडावी लागते, म्हणजे दुसऱ्या टोकाला बंद असलेली. ध्वनीची लाट त्या नळीत शिरते, बंद टोकावर आपटून परत येते आणि मुख्य पाइपमधल्या लाटेच्या नेमकी उलटी पडून तिला मारते. त्यासाठी नळीची लांबी लाटेच्या लांबीच्या पाव भाग असावी लागते.

उदाहरण वरच्याच आकड्यांचं घेऊ. १३३ धक्क्यांवर घुमतं आहे. साधारण ३०० अंश सेल्सिअस तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ४८० मीटर असतो. हिशेबानं नळी ९० सेंटिमीटरची येते. एखाद्यानं साध्या हवेतला ३४५ मीटरचा वेग धरला, तर तो ६५ सेंटिमीटरवर कापेल आणि ती नळी भलत्याच स्वरावर काम करत बसेल. खरं उत्तर या दोन्हींच्या मध्ये असतं, कारण आंधळ्या नळीतून वायू वाहत नाही आणि तो मुख्य पाइपपेक्षा थंड राहतो. म्हणून आम्ही नळी आधी लांब ठेवतो, तुम्हाला शेजारी बसवून बाणस्तारीपर्यंत गाडी चालवतो, परत येऊन थोडी कापतो आणि पुन्हा जातो. कधी दोन फेऱ्यांत जमतं, कधी पाच लागतात. या कामाला दिवस लागतो. तो आम्ही आनंदानं देतो, कारण आमच्या सगळ्या कामात हेच आम्हाला सर्वांत मोलाचं वाटतं.

ताकद किती वाढते

नुसता कॅटच्या, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, मागचा भाग बदलून फार नाही. आजच्या स्पोर्ट्‌स गाड्यांचं मूळ एक्झॉस्ट कंपनीनं विचार करूनच बनवलेलं असतं. फरक पडला तर तो थोडासा असतो, आणि आम्ही त्याचा आकडा छापून तुम्हाला भुलवणार नाही.

“इंजिनाला मागचा दाब लागतोच” हे मात्र डोक्यातून काढा. दाब इंजिनाला नको असतो, त्याला हवा असतो वायूचा वेग. पाइप योग्य मापाचा असेल तर वेगानं निघालेला एक धक्का मागच्या धक्क्याला ओढून नेतो आणि सिलिंडर स्वच्छ रिकामा होतो. पाइप अवाजवी जाड केला की वायू रेंगाळतो आणि कमी फेऱ्यांतली ओढ जाते. सुरुवातीच्या वर्षांत एका बिनटर्बोच्या गाडीला आम्हीच असा जाड पाइप घातला होता. फर्मागुढीचा चढ तिसऱ्या गियरवर आरामात चढणारी गाडी दुसरा गियर मागायला लागली. ग्राहक काही बोलले नाहीत, पण आम्हाला ते कळत होतं. पाइप आमच्या खर्चानं बदलून दिला. तेव्हापासून माप आधी कागदावर ठरतं, मगच कटर चालतो.

कॅट आम्ही काढत नाही

हे स्पष्ट लिहितो, म्हणजे कुणाचा वेळ जाणार नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ लेप. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांचं तिथे बरंचसं निरुपद्रवी वायूंत रूपांतर होतं. ते काढलं की आवाज वाढतो हे खरं. पण त्याच्या नंतर बसवलेला ऑक्सिजन सेन्सर ते लगेच ओळखतो, चेक इंजिनचा दिवा लागतो, पीयूसीला गाडी अडते, आणि गाडी उभी असताना मागे उभ्या पोराच्या नाकात ते सगळं जातं. सेन्सरला फसवणारी जोडणी करून द्या म्हणून कुणी आग्रह धरला, तरी उत्तर तेच राहील.

ॲक्सिलरेटर सोडताना फटाके वाजावेत म्हणून केलेली ट्यूनिंगही आम्ही करत नाही. ते न जळलेलं पेट्रोल पाइपमध्ये पेटत असतं, आणि त्या उष्णतेनं कॅटची जाळी वितळू शकते.

कायदा काय म्हणतो

रस्त्यावरच्या गाडीसाठी कायदा कडक आहे आणि तो माहीत असायलाच हवा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकानं ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. नव्या प्रवासी गाडीच्या आवाजाची मर्यादा ७४ डेसिबल आहे, आणि ती ठरलेल्या पद्धतीनं, गाडी जोर लावून जात असताना साडेसात मीटरवरून मोजतात. आवाज आणि प्रदूषणाच्या नियमभंगासाठी कलम १९० खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि तीन महिने परवाना अपात्र ठरतो.

डेसिबलचा हिशेब फसवा असतो. १० नी वाढ झाली की कानाला आवाज जवळजवळ दुप्पट वाटतो. वस्तीच्या भागात रात्री दहा ते सकाळी सहा परिसरातल्या एकूण आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल धरलेली आहे. आपल्याकडची जुनी घरं रस्त्याला लागून असतात, बलकाव (घरापुढची बसायची पडवी) आणि रस्ता यांत कधीकधी चार पावलांचं अंतर. रात्री अकराला म्हार्दोळहून एक मोकळ्या पाइपची गाडी गेली की वाड्यावरची सगळी म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं जागी होतात. आम्हीही अशाच वाड्यावर राहतो.

म्हणून रस्त्याच्या गाडीला आम्ही मूळ गाडीइतक्याच आवाजाचं एक्झॉस्ट बसवतो. नाद बदलतो, पातळी तीच राहते. काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर तुमच्यासमोर मीटरनं मोजून दोन्ही आकडे बिलावर लिहून देतो. त्या आकड्यांमुळे बदलाला परवानगी मिळते असं मात्र नाही. आरटीओ आणि विमा कंपनीला आधी विचारा, विम्याला बदल लेखी कळवा. गाडी वॉरंटीत असेल तर शोरूममध्येही विचारून या. कोईमतूरच्या कारी स्पीडवेसारख्या ट्रॅकवर जाणाऱ्यांसाठी मोकळं एक्झॉस्ट बनवून देतो, पण गाडी ट्रकवर चढवून न्यायची आणि आल्यावर मूळचं परत बसवायचं या अटीवर. मूळ एक्झॉस्ट कधीही भंगारात घालू नका. ठेवायला जागा नसेल तर आमच्याकडे ठेवा, नाव लिहून माळ्यावर ठेवतो.

गोव्यातला गंज

बाहेरगावाहून मागवलेली तयार एक्झॉस्टं इथे लवकर का सडतात, याचं अर्धं कारण समुद्र आणि अर्धं कारण आपल्या छोट्या फेऱ्या. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन निघून जातं. घरापासून बाजारापर्यंत गाडी गेली आणि बंद केली, की ते मफलरच्या पोटात साचतं आणि आतून खातं. मफलरच्या खालच्या बाजूला बारीक भोक असतं ते यासाठीच. गळतं आहे असं समजून ते वेल्डिंगनं बुजवलेल्या गाड्या आम्ही पाहिल्या आहेत. आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा तास सलग चालवा.

बाहेरून खातं ते मीठ. साध्या लोखंडाचा पाइप किनाऱ्यावर फार टिकत नाही. ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, ते बहुतेकांना पुरतं. पण तेही खाऱ्या वाऱ्यात तपकिरी डाग धरतं. मिरामार, कळंगुट, कोलवा अशा अगदी किनाऱ्यालगत राहत असाल तर मॉलिब्डेनम असलेलं ३१६ घ्या. टायटेनियम वजनाला स्टीलच्या निम्म्याहून थोडं जास्त आणि मिठाला दाद न देणारं आहे, पण खर्च इतका की रोजच्या गाडीला आम्ही स्वतःहून सुचवत नाही.

स्टेनलेस तापलं की वाढतं, हे अनेकजण विसरतात. ४०० अंशांनी तापलेला ३०४ चा तीन मीटर पाइप जवळजवळ दोन सेंटिमीटर लांब होतो. सगळे जोड घट्ट वेल्ड केले तर तो कुठेतरी चिरणारच. म्हणून आम्ही लवचीक जोड आणि सरकता जोड ठेवतो आणि रबरी हँगर नवे घालतो. वेल्डिंग टिग पद्धतीनं, आर्गॉन वायूच्या आवरणात करतो आणि पाइपच्या आतूनही आर्गॉन सोडतो. नाहीतर जोड बाहेरून चकचकीत दिसतो आणि आतून कोळशासारखा काळा होऊन तिथूनच गंजू लागतो. दुसरीकडे काम करत असाल तर हा एक प्रश्न जरूर विचारा.

पावसाळ्यात गाडीखालचा भाग दर पंधरवड्याला गोड्या पाण्यानं धुवा, पण पाइप थंड झाल्यावर. गाडीची जमिनीपासूनची उंची कमी असेल तर स्पीडब्रेकरवर तिरकी घ्या. बसवताना पाइपचा सर्वांत खालचा बिंदू मूळ पाइपपेक्षा खाली जाऊ देत नाही.

गाडी आणताना

नवं एक्झॉस्ट पहिल्यांदा तापताना थोडा धूर आणि वास येतो. ते तेल आणि पॅकिंगचं असतं, तासाभरात थांबतं. ५०० किलोमीटर झाल्यावर एकदा परत या, क्लॅम्प आणि नट आवळून देतो. त्याचे पैसे घेत नाही.

शक्य असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी ठेवून जा. मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनाला लागून असलेल्या पहिल्या पाइपांच्या, जोडाला बारीक चीर असेल तर ती थंड इंजिनावरच टिकटिकते. दोन-तीन मिनिटांत धातू फुगतो, चीर मिटते आणि आवाज बंद होतो. सकाळी आठ वाजता, रस्त्यावर वर्दळ वाढायच्या आधी, आम्हाला तुमच्या गाडीचा तो पहिला आवाज ऐकायचा असतो.