ताप आणि घसादुखी लांबली तर: ‘मोनो’विषयी माहिती

पावसाळ्यात मुंबईत कुणाला ताप भरला की घरात आधी डेंग्यूचं नाव निघतं, मग मलेरिया, टायफॉइड. ते योग्यच आहे, आधी तेच तपासून घ्यावं. पण कॉलेजात जाणारं मूल आठवडाभर तापाने पडून आहे, घशातून थुंकीही उतरत नाही, मानेत दोन्ही बाजूंना गाठी हाताला लागतात आणि हे सगळे रिपोर्ट निगेटिव्ह आले, तर डॉक्टर ‘मोनो’ची तपासणी लिहून देतात. पूर्ण नाव इन्फेक्शियस मोनोन्यूक्लिओसिस. ती चिठ्ठी घेऊन आमच्या लॅबच्या काउंटरवर काळजीने उभ्या राहणाऱ्या आईवडिलांसाठी हे पत्रक.

बहुतेक वेळा हा आजार एप्स्टाइन-बार विषाणूमुळे (ईबीव्ही) होतो. १९६४ मध्ये या विषाणूचा शोध लागला, पण मोनोशी त्याचं नातं कळलं ते फिलाडेल्फियातल्या एका प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ स्वतः आजारी पडली तेव्हा. तिच्या आधीच्या रक्तात या विषाणूविरुद्धच्या अँटिबॉडी (संसर्गाशी लढायला शरीर तयार करतं ती प्रथिनं) नव्हत्या, आजारपणानंतर त्या दिसल्या. १९६८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. रोज रक्ताचे नमुने हाताळणाऱ्या आम्हाला त्या तंत्रज्ञाबद्दल फार आपुलकी वाटते.

विषाणू पसरतो मुख्यतः लाळेतून: तोंड लावून प्यायलेली बाटली, उष्टा चमचा, चुंबन. लोकलमध्ये नुसतं शेजारी उभं राहून सहसा लागण होत नाही. लक्षणं दिसायला ४ ते ६ आठवडे लागतात, त्यामुळे कुणाकडून आला हे शोधत बसू नका आणि मुलांना त्यावरून बोलू तर नकाच. बहुतेक प्रौढांना हा संसर्ग कधी ना कधी होऊन गेलेला असतो. लहानपणी झाला तर साध्या सर्दी-तापासारखा निघून जातो, पंधरा ते पंचविशीच्या वयात मात्र जास्त त्रास देतो. ताप, घसा दोनेक आठवड्यांत उतरतात. थकवा काहींना महिनाभर, कधी त्याहून जास्त रेंगाळतो. तो आळस नव्हे.

तपासणीची घाई करू नका. मोनोस्पॉट ही मोनोसाठीची झटपट रक्तचाचणी पहिल्या आठवड्यात आजार असूनही निगेटिव्ह येऊ शकते. सीबीसीमध्ये (रक्तपेशींच्या मोजणीत) लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले आणि काही वेगळ्या आकाराचे दिसले तर संशय बळावतो. मग डॉक्टर गरजेप्रमाणे चाचणी पुन्हा करायला किंवा ईबीव्ही अँटिबॉडी तपासायला सांगतात. लिव्हरचे आकडे थोडे वाढलेले दिसले तरी लगेच घाबरू नका, मोनोत ते बऱ्याचदा वाढतात.

कळकळीची विनंती: केमिस्टकडून परस्पर अँटिबायोटिक आणू नका. विषाणूवर ते चालत नाही, उलट मोनोत अमॉक्सिसिलीन घेतल्यावर अनेकांच्या अंगभर पुरळ उठतं. विश्रांती, भरपूर पाणी, मिठाच्या गुळण्या आणि डॉक्टरांनी सांगितलेलं तापाचं औषध, एवढाच उपचार बहुतेकांना पुरतो.

या आजारात प्लीहा सुजते. पोटात डाव्या बाजूला, बरगड्यांखाली असलेला हा अवयव धक्क्याने फुटू शकतो. म्हणून किमान ३ ते ४ आठवडे कबड्डी, फुटबॉल, जिममधली वजनं, दहीहंडीचा सराव सगळं बंद, आणि पुन्हा सुरू करायचं तेही डॉक्टरांना विचारून. डाव्या बाजूला अचानक जोरात दुखलं, चक्कर आली, श्वास घ्यायला त्रास झाला किंवा पाणीही गिळता येईना, तर लॅबमध्ये न येता थेट हॉस्पिटल गाठा.

या चाचण्यांसाठी उपाशीपोटी यावं लागत नाही. येताना आधीचे रिपोर्ट आणा आणि ताप कोणत्या तारखेला सुरू झाला ते आम्हाला नक्की सांगा.