तार काढली, तरी बॅटरी का उतरते?

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात आणि मामा शेडमधली फियाट बाहेर काढतात, असा आमच्या खान्देशातल्या घरचा रिवाज. गाडी १९७६ची प्रीमियर पद्मिनी, पण घरात तिला आजही फियाटच म्हणतात. यंदा फेब्रुवारीतलं एक लग्न आटोपल्यावर ती पत्र्याच्या शेडमध्ये गेली होती. ठेवताना मामांनी बॅटरीची एक तार आठवणीने काढून ठेवली. अडीच महिन्यांनी सेल्फ मारला, तर नुसतं ‘टक्’. शेजारच्या मेकॅनिकने बोनेटमध्ये डोकावून निकाल दिला, “उतरी गई ना भो!” बहिणी झोक्यावर आणि भाचे गाडीला धक्का मारायला, अशी त्या दिवशीची वाटणी झाली.

“अरे, पण तार काढली होती ना मी!” मामा दिवसभर हेच म्हणत होते. तोटी बंद केली की टाकीतलं पाणी जागच्या जागी राहतं, हा त्यांचा हिशेब. पण बॅटरी म्हणजे टाकी नाही, माठ आहे. माठातलं पाणी कुणी प्यालं नाही तरी कमी होतं, आणि ऊन वाढलं की जास्तच झपाट्याने कमी होतं. जुन्या गाडीत घड्याळ सोडलं तर गाडी बंद असताना वीज खाणारं फारसं काही नसतंच. त्यामुळे तार काढून वाचतं ते थोडंच. खरा पाझर बॅटरीच्या पोटात असतो.

गाडीची शिसे-अ‍ॅसिड बॅटरी १८५९ साली गॅस्तों प्लांते या फ्रेंच संशोधकाने केली. मूळ रसायन अजून तेच आहे. एक पट्टी शिशाची, दुसरीवर शिशाचा डायऑक्साइड, आणि दोन्ही पातळ सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये बुडालेल्या. असा एक सेल साधारण २.१ व्होल्ट देतो, सहा मिळून १२.६. वीज घेतली की दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट जमतं आणि अ‍ॅसिड पातळ होतं. चार्ज केलं की उलटं घडतं. अडचण ही की शिसं आणि अ‍ॅसिड एकमेकांशी हळूहळू अभिक्रिया करतच राहतात, तार जोडलेली असो वा नसो. जुन्या पद्धतीच्या, पाणी टाकायच्या बॅटरीत पट्ट्यांच्या आतल्या जाळीच्या शिशात अँटिमनी नावाचं मूलद्रव्य मिसळलेलं असतं. ते डायऑक्साइडच्या पट्टीतून सुटून शिशाच्या पट्टीवर जाऊन बसतं आणि हा पाझर आणखी वाढवतं. जाळीत अँटिमनीऐवजी कॅल्शियम असलेल्या बॅटऱ्या यात बऱ्याच बऱ्या.

आता खान्देश. गाडी साठवण्याविषयीचं बहुतेक परदेशी लेखन हिवाळ्याबद्दल असतं. बर्फ पडतं, गाडी झाकून ठेवतात, उतरलेल्या बॅटरीतलं पाणी गोठू नये याची काळजी घेतात. आपल्याकडे गाडी झाकून ठेवायचे महिने मार्च ते जून, आणि जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५च्या पुढे जाणं नवीन नाही. तापमान १० अंशांनी वाढलं की अशा अभिक्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. २५ अंशांना बॅटरी महिन्याला १० टक्के उतरते असं उदाहरणापुरतं धरा. ३५ला २० टक्के, ४५ला ४०. मामांच्या शेडमध्ये अडीच महिने! माठ कोरडा पडणारच.

पण उतरणं एवढंच असतं तर काय, पुन्हा भरली असती. माझ्या मते या बॅटरीची खरी गोष्ट पुढे आहे आणि ती कुल्फीसारखी आहे.

वीज वारंवार जाते त्या दिवसांत फ्रीजरमधली कुल्फी खाल्ली आहे? जिभेला बर्फाचे खडे लागतात. पदार्थ तोच, पण आधी बारीक असलेले बर्फकण मोठे झालेले असतात. वीज गेली की बारीक कण विरघळतात, आली की ते पाणी मोठ्या कणांवर जाऊन गोठतं. बारीकच आधी का विरघळतात? सारंगखेड्याच्या यात्रेत गर्दीच्या मध्यभागी अडकलेला माणूस निघता निघत नाही, कडेचा सहज सटकतो. स्फटिकातही आतला रेणू सगळीकडून धरलेला असतो, पृष्ठभागावरच्याला एका बाजूने कुणीच धरलेलं नसतं. लहान स्फटिकात कडेवरच्यांचं प्रमाण जास्त, म्हणून तो लवकर विरतो, आणि सुटलेले रेणू मोठ्याला जाऊन चिकटतात. लहान संपतात, मोठे फुगतात. विल्हेम ओस्टवाल्ड या रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ही प्रक्रिया ओळखली जाते (१९०९चं नोबेल त्याचंच, पण वेगळ्या कामासाठी).

लेड सल्फेटचं हेच होतं. नुकतं जमलेलं सल्फेट पिठासारखं बारीक असतं, चार्जिंगला लगेच परत फिरतं. आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं तर त्याची खडीसाखर होते. त्यात अर्धवट उतरलेल्या बॅटरीतलं अ‍ॅसिड पातळ, आणि पातळ अ‍ॅसिडमध्ये लेड सल्फेट जरा जास्त विरघळतं, म्हणजे रेणूंची ये-जा वाढते. वर पत्र्याची शेड दुपारी भट्टी, पहाटे गार. रोज एकदा ‘वीज गेली, वीज आली’! मोठे खडे एक तर वीज वाहून नेत नाहीत, आणि एकूण पृष्ठभाग कमी झाल्याने चार्जिंगच्या वेळी विरघळतातही सावकाश. मग चार्जरचा व्होल्टेज झटकन चढतो, ‘फुल’चा दिवा लागतो, आणि वीज सल्फेट फिरवण्याऐवजी पाणी फोडून त्याचे वायू करण्यात जाते. मल्टिमीटर १२.७ दाखवतो, सेल्फ मात्र ‘टक्’.

म्हणून चार्जरवरून उतरवल्या उतरवल्या व्होल्टेजवर विश्वास ठेवू नका, हायड्रोमीटर (अ‍ॅसिडची घनता मोजायची नळी) बुडवा. भरलेल्या बॅटरीत अ‍ॅसिडची घनता १.२६५च्या आसपास हवी. हे वाचन २७ अंशांचं. अ‍ॅसिड तापलेलं असेल तर दर अंशाला ०.०००७ मिळवा. ४५ अंशांना १.२४० दिसलं तर ते प्रत्यक्षात १.२५३ झालं. तासन्‌तास चार्ज करूनही घनता हलत नसेल, तर आत खडीसाखर झाली म्हणून समजा.

“आठवड्यातून एकदा पाच मिनिटं चालू करायची, बस!” हा सल्ला सगळ्यांना पाठ असतो. हिशेब करू. बॅटरी ६० अँपिअर-तासांची, महिन्याला ४० टक्के म्हणजे २४, आठवड्याला साडेपाचच्या वर. पाच मिनिटं १० अँपिअरने भरलं तरी पदरात पडतं ०.८३. तेही गाडीत वीज तयार करायला अल्टरनेटर असेल तर. मामांच्या गाडीला त्या जागी जुना डायनॅमो आहे, आणि तो संथ इंजिनावर जवळपास काहीच देत नाही.

आणि लिंबू-मिरची. बंपरला दर शनिवारी नवी बांधली जाते. त्या लिंबात जस्ताचा खिळा आणि तांब्याची तार खुपसली तर खरोखर एक व्होल्टच्या आसपास मिळतो, म्हणजे लिंबू हाही एक सेलच. पण स्टार्टरला शंभराहून जास्त अँपिअर लागतात आणि लिंबू मिलिअँपिअरच्या हिशेबात देतं. मिरची नंदुरबारची असली तरी फरक पडत नाही. ‘मेलेली बॅटरी जिवंत करणाऱ्या’ पुड्या मात्र शिकलेली माणसंही घेतात. अमेरिकेत अशाच एका पुडीवरून, एडी-एक्स२ तिचं नाव, १९५३ साली राजकारण पेटलं होतं. आत मुख्यतः सोडियम आणि मॅग्नेशियमची सल्फेटं, आणि तपासणीत उपयोग शून्य. तसं सांगणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेच्या संचालकाला, अ‍ॅलन अ‍ॅस्टिन यांना, पद सोडायला सांगण्यात आलं. देशभरच्या शास्त्रज्ञांनी गदारोळ केला, तेव्हा ते परत आले.

मग करायचं काय? पाझरतं तेवढंच वरून टाकत राहायचं. वरच्याच हिशेबाने दिवसाला ०.८ अँपिअर-तास म्हणजे सतत ३३ मिलिअँपिअर. झिरोच्या एलईडी बल्बाला लागते त्याहून ही वीज जास्त नाही! यासाठी व्होल्टेज स्वतः सांभाळणारा फ्लोट चार्जर मिळतो. गॅरेजमधला साधा चार्जर महिनाभर लावून ठेवला तर अ‍ॅसिड उकळत राहून पट्ट्या खलास होतील. फ्लोटचा आकडा २५ अंशांना साधारण १३.५ व्होल्ट असतो, पण दर अंशाला तो सुमारे १८ मिलिव्होल्टने खाली आणावा लागतो. ४५ अंशांना १३.१४. तापमान न बघणारा चार्जर आपल्या उन्हाळ्यात १३.८ वर अडून बसला, तर बॅटरी तहानेने मरते. तापमानाची वायर असलेला चार्जर घ्या, आणि डिस्टिल्ड वॉटर दर पंधरवड्याला बघा. रेग्युलेटरसह छोटं सोलर पॅनेलही चालतं. उन्हाची इथे काय कमी! फार जुनी ब्रिटिश गाडी असेल तर चिमटे लावण्यापूर्वी बॉडीला कुठलं टोक जोडलंय ते पाहा, काहींत पॉझिटिव्ह असतं.

त्याहून सोपा उपाय मामांच्या घरातच होता. बॅटरी काढून जुन्या धाब्याच्या घरात न्यायची. जाड मातीच्या भिंती, वर मातीचं छप्पर, भर दुपारी शेडपेक्षा दहा-बारा अंश तरी कमी. म्हणजे त्या वेळचा पाझर निम्म्यावर, एक पैसा खर्च न करता. खिडकी तेवढी उघडी हवी, कारण तिथे चार्जर लावला तर हायड्रोजन सुटतो आणि हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगी पुरते.

मेकॅनिक म्हणाला, खाली पाट घाला, जमीन करंट ओढते. जुन्या लाकडी पेट्यांच्या बॅटऱ्यांच्या काळात त्यात काही तथ्य असेल, आजच्या प्लॅस्टिकच्या डब्यातून जमीन काही ओढत नाही. मी हे समजावत होतो तेवढ्यात आजी स्वतःच पाट घेऊन आली. तिला करंटचं काही नव्हतं. फरशी शहाबादी आहे, म्हणजे चुनखडी, आणि मागे एकदा अ‍ॅसिडचा थेंब पडून ती फसफसलेली तिने पाहिली होती.