लिंबूटिंबूच्या डोक्यावरचा ढग

घरात दोन भावंडं असली की हा सीन ठरलेला. दादा उशा रचून जहाज करून बसलेला असतो आणि धाकटी येऊन म्हणते "मी पण!", दादा म्हणतो नको, मग भोकाड, मग आतून आईचा आवाज, आणि शेवटी तह होतो, "बरं ये, पण तू लिंबूटिंबू हं." म्हणजे खेळात आहेस, पण तुझ्यावर राज्य येणार नाही.

जेफ्री हेज या अमेरिकन चित्रकाराने हाच सीन घेऊन नुकतं वाचायला लागलेल्या मुलांसाठी कॉमिक केलं, 'बेनी अँड पेनी इन जस्ट प्रिटेंड', 2008 साली. बेनी आणि पेनी हे उंदीर भाऊ-बहीण. बेनीला एकट्याने समुद्री चाचा व्हायचंय, पेनी पाठ सोडत नाही, मग तो लपाछपी खेळू म्हणून तिला कटवायला बघतो, आणि ती खरंच दिसेनाशी झाल्यावर मात्र त्याला चैन पडत नाही. बस, गोष्ट एवढीच! मालिकेतल्या पुढच्या एका पुस्तकाला 2010 मध्ये अमेरिकेतलं गाइझल पारितोषिक मिळालं, जे नवशिक्या वाचकांसाठीच्या पुस्तकांना देतात. आणि मला फार हलवून गेलेली गोष्ट म्हणजे हेज आणि त्यांचा धाकटा भाऊ रोरी, दोघं लहानपणी मिळून आपल्या खेळण्यांच्या गोष्टी रचायचे, हाताने कॉमिक्स काढायचे. रोरी पुढे स्वतः कॉमिक्स काढणारा झाला आणि 1983 मध्ये, चाळिशीच्या आतच गेला. पेनी हे माहीत झाल्यापासून मला वेगळीच दिसते.

आता यात विज्ञान कुठे आलं? तर नुकतं वाचायला लागलेल्या मुलाच्या डोक्यात काय चाललेलं असतं ते आधी बघू. आपण मोठी माणसं वाचताना डोळा सरकत नेत नाही, उड्या मारत नेतो, एका ठिकाणी साधारण पाव सेकंद थांबायचं की पुढची उडी. नवशिका वाचक प्रत्येक ठिकाणी जास्त वेळ थांबतो, थांबतोही जास्त वेळा, आणि सारखा मागे येतो. मराठीत तर अजून गंमत, 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते पण उच्चारात नंतर येते, 'सूर्य' मधला र डोक्यावर चढून बसतो, जोडाक्षरं वेगळीच. हे सगळं सोडवता सोडवता वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत पोर सुरुवात विसरून जातं, कारण एका वेळी डोक्यात धरून ठेवायची जागा फार थोडी असते आणि ती सगळी अक्षरंच खातात. "वाचतो पण कळत नाही" अशी तक्रार आपण करतो ना, त्यातली बरीचशी इथली आहे.

कॉमिक हा भार वाटून घेतं. कोण बोलतंय, कुठे आहेत, चिडलाय की घाबरलाय हे चित्र सांगतं, अक्षरांनी फक्त बोललेलं सांगायचं, तेही फुग्यात एका दमात वाचता येईल एवढंच. फ्रान्स्वाज मूली यांनी 2008 मध्ये 'टून बुक्स' हे प्रकाशन सुरू केलं, बेनी-पेनी त्यांचंच, त्यांनी तर पायऱ्याच ठरवल्या, अगदी पहिल्या पायरीवर एका पानावर एक किंवा दोनच चौकटी, त्याच्या पुढच्या पायरीवर चारपर्यंत. पण म्हणून कॉमिक फुकटात कळतं असं नाही हं. नील कोन या संशोधकाने यावर बरंच काम केलंय, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे एकामागून एक आलेली चित्रं म्हणजे एकच सलग गोष्ट आहे हे मुलांना साधारण 4 ते 6 वर्षांच्या दरम्यान जमायला लागतं, आणि तेसुद्धा असली चित्रं आधी बघितलेली असली तर. एका चौकटीत बेनी डोळे मिटून आकडे मोजतोय आणि पुढच्या चौकटीत पेनी झुडपामागे, तर मधल्या पांढऱ्या पट्टीत ती पळाली, हे वाचणाऱ्यानेच भरायचं असतं.

आणि इथेच भावंडांचा खेळ कामाला येतो असं मला वाटतं. लपाछपीचं सगळं मर्म काय, तर मला माहीत आहे ते तुला माहीत नाही. हे आपल्याला इतकं साधं वाटतं, पण 3 वर्षांच्या बहुतेक मुलांना ते नीट जमत नाही. विमर आणि पर्नर या मानसशास्त्रज्ञांचा 1983 चा प्रयोग प्रसिद्ध आहे, मुलांना गोष्ट सांगायची, मॅक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून जातो, मागाहून आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते, मॅक्सी परत आला तर कुठे शोधेल? लहानगी म्हणतात, आता जिथे आहे तिथे! मॅक्सीच्या डोक्यात जुनीच माहिती आहे हे साधारण 4 वर्षांनंतर हळूहळू उमगायला लागतं.

जूडी डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 50 मुलांना घरी जाऊन बघितलं, आधी 33 महिन्यांची असताना आणि मग 40 महिन्यांची झाल्यावर. ज्यांचं मोठ्या भावंडाशी जुळवून घेऊन खेळणं जास्त होतं आणि ज्यांच्या घरात भावनांबद्दल बोलणं जास्त व्हायचं, त्यांना पुढे दुसऱ्याच्या मनातलं जास्त बरं ओळखता आलं. 1994 मध्ये पर्नर आणि सहकाऱ्यांनाही भावंडं जास्त असलेली मुलं मॅक्सीसारख्या प्रश्नात पुढे दिसली. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत हे दिसलेलं नाही, त्यामुळे एकुलतं एक मूल असलेल्या आईबाबांनी अजिबात जीवाला लावून घेऊ नका, शेजारची पोरं आणि चुलत-मावस भावंडं आहेतच की! पण "तू आई हो, मी दुकानदार, समजा हं हे पैसे" असं म्हणताना पोरं खरं आणि खोटं-खोटं दोन्ही एकदम डोक्यात धरतात, भातुकलीत हेच तर चालतं.

कॉमिकमध्ये हे सगळं चक्क दिसतं. तोंडाजवळ बोलण्याचा फुगा, डोक्यावर विचाराचा ढग, आणि दोन्हींत वेगळं असू शकतं. वेलमन आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये दाखवलं की थोडंसं समजावलं तर 3-4 वर्षांच्या मुलांनाही हा ढग म्हणजे चित्रातल्या माणसाच्या मनातलं आहे हे कळतं. म्हणजे अक्षर ओळख व्हायच्या आधीच पोर ढग वाचायला लागतं, मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

मराठीत अगदी सुरुवातीच्या वाचकांसाठी असं कॉमिक शोधायला गेलं की हाताला फार थोडं लागतं. आपण ज्यावर वाढलो ती चित्रकथांची पुस्तकं छानच होती, पण पहिलीतल्या पोराला ती झेपत नाहीत, चौकटीवर चार-चार ओळींचं निवेदन असतं. म्हणून मी मागच्या महिन्यात वहीच्या पाठकोऱ्या पानांवर स्वतःच एक काढलं, काड्यांची माणसं, चार चौकटी. भाऊ मोजतोय, बहीण पडद्यामागे, भाऊ पलंगाखाली वाकून बघतोय, शेवटी "धप्पा!". तिसऱ्या चौकटीत भावाच्या डोक्यावरचा ढग मुद्दाम रिकामा ठेवला.

भाचा दुसरीत, त्याने फुगे वाचले, 'धप्पा' ला थोडा अडखळला, पण चित्रात हात पाठीवर पडलेला बघून लगेच सुटला. भाची 4 वर्षांची, तिला अक्षर येत नाही. तिला विचारलं या ढगात काय काढू? ती म्हणाली पलंग काढ, आणि पलंगाखाली मी. भाचा म्हणाला अगं पण ती तर पडद्यामागे आहे! तर ही म्हणते, "हो, पण दादाला कुठे माहितीये?"