बांगलादेश-पाकिस्तानातून जीव वाचवून आलेल्यांना नोटीस आली तर काय करायचं: सीएएचा (नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचा) अर्ज, पात्रता, कागदपत्रं

गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी-मुलचेराकडच्या बंगाली वस्त्यांमध्ये बरीच घरं अशी आहेत की म्हाताऱ्यांचे कागद पक्के, पण मागून जो भाऊ नाहीतर जावई तिकडं धर्मापायी छळ झाला म्हणून लेकरंबाळं घेऊन निघून आला त्याच्याजवळ काहीच नाही, अन् बेकायदा राहता म्हणून पोलिसांची नोटीस आली की अख्खं घर हादरते.

आधी हे डोक्यात पक्कं करा, केस चालू आहे म्हणून अर्ज करता येत नाही असं कोणी सांगत असेल तर ते साफ खोटं आहे. सीएएनं नागरिकत्व कायद्यात घातलेल्या कलम ६ब मध्ये स्पष्ट लिहिलंय की तेवढ्या कारणावरून अर्ज नाकारता येत नाही, आणि नागरिकत्व मिळालं की बेकायदा येण्याची केस आपोआप संपते. पण नुसत्या अर्जानं हद्दपारी थांबेलच असं नाही, म्हणून लपून न बसता वकील गाठा, पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीत जा, बाया, एससी-एसटी अन् कोठडीतल्या माणसाला तिथं वकील फुकट मिळतो. वेळ आली तर हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात रिट, म्हणजे हक्कासाठी थेट याचिका, टाकता येते.

पात्रता: पाकिस्तान, बांगलादेश किंवा अफगाणिस्तानातून आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चन, तेही ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आलेले. केंद्र सरकारच्या २०२५ च्या आदेशात ३१ डिसेंबर २०२४ ही तारीख आहे, ती फक्त बिनकागदी राहण्याच्या शिक्षेतून सूट आहे, नागरिकत्वाची नाही, इथं लोक लय गोंधळतात. यादीबाहेरच्या माणसाला हा रस्ता नाही, पण घटनेचं कलम २१, म्हणजे जगण्याचा अन् स्वातंत्र्याचा हक्क, त्यालाही लागू आहे, त्यानंही वकील गाठावा.

आता कागद, खरी लढाई इथंच आहे. एक कागद तिकडचा पाहिजे: पासपोर्ट, जन्मदाखला, शाळेचा दाखला, जमिनीचा खतियान (तिकडचा जमिनीचा उतारा), किंवा आईबाप-आजा-पणजा तिथले नागरिक होते असं दाखवणारं काहीही. मुदत संपलेला चालतो, म्हणून पेटीच्या तळाशी घडी पडून पिवळा झालेला कागदही फेकू नका, लॅमिनेशनही करू नका. दुसरा कागद इकडचा, ३१ डिसेंबर २०१४ च्या आधीचा: रेशनकार्ड, लाइट बिल, पोस्टाचं पासबुक, पोराची टीसी, नाहीतर ग्रामपंचायत सदस्याचा दाखला. शिवाय आपलं अॅफिडेव्हिट, चारित्र्याबद्दल एका भारतीय नागरिकाचं अॅफिडेव्हिट, आणि तुम्ही त्या समाजाचे आहात असं स्थानिक समाजसंस्थेचं पत्र. नावात मंडल-मोंडल असा फरक असेल तर तेही अॅफिडेव्हिटमध्ये आधीच लिहून टाका. दलालाकडून बनावट कागद मात्र अजिबात घेऊ नका, त्यानं खरी केसही बुडते.

अर्ज ऑनलाइनच आहे, गृह मंत्रालयाच्या नागरिकत्व पोर्टलवर, सेतूवाल्याकडून भरून घेतला तरी चालते पण मोबाइल नंबर स्वतःचा द्या. मग जिल्हा समिती बोलावते, तिचे प्रमुख पोस्टाचे सुपरिटेंडंट असतात, तिथं ओरिजिनल कागद दाखवून निष्ठेची शपथ घ्यायची. ती तारीख चुकवू नका, वारंवार गैरहजर राहिलं तर अर्ज नामंजुरीकडं जातो. अंतिम निर्णय जनगणना संचालकांच्या राज्य समितीचा. सर्टिफिकेट डिजिटल येते अन् नागरिकत्व भारतात आल्या तारखेपासून धरतात, त्याची प्रिंट लगेच वकिलामार्फत केसमध्ये लावा.